हे कमी बोलते

घाट रोडच्या दुकानात, ट्रेडमिल आणि कॅरमबोर्डांच्या मागे
तीन कयाक भिंतीला टेकून उभ्या होत्या,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारख्या.
एक पिवळी, एक भगवी, एक शेवाळी.
दुकानदार म्हणाला, पिवळी घ्या मॅडम,
फुटाळ्यावर फोटो झकास येतात.
मला फोटोत यायचं नाही, मी म्हटलं,
मला बदकांत जायचंय.

शिकार? तो हसला.
मोजणी. जानेवारीतला रविवार,
छापील तक्ता, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.

पण खरं सांगायचं तर निवडायची रीत तीच.
ती मी सातव्या वर्षी शिकले,
उमरेडकडच्या तलावावर, डोंग्यात, बाबांच्या पाठीमागे,
मांडीवर काडतुसांची पिशवी
आणि श्वाससुद्धा घेऊ नको अशी ताकीद.
बूड रुंद हवं, दोन्ही हात एकदम उचलता यावेत म्हणून.
काठ बुटका हवा. वल्हं पाण्यात
दह्यात चमचा शिरतो तसं शिरावं.
आणि होडी आतून वाजू नये,
वाजणारी होडी चहाडखोर.
बाबांकडे दुनळी होती.
माझ्याकडे दुर्बीण आहे. हिलाही नळ्या दोनच.

डोमाजी नान्हे सोबत आले होते.
तेव्हा डोंगा तेच हाकायचे, मिसरूड फुटलेले,
आता पंचाहत्तर, एका डोळ्यात फूल.
टरबूज वाजवून घ्यावं तसं
त्यांनी बोटाच्या पेरानं एकेकीला ठोकलं.
"हा डबा हाय."
"हा बी डबाच."
शेवाळीपाशी कान नेला, पुन्हा ठोकलं.
"हे कमी बोलते."

बसून बघा, म्हणाला दुकानदार.
तर ओढणी खोचून मी बसले,
फरशीवर, दोन ट्रेडमिलच्या मधोमध,
रिकामे हात डोळ्यांशी नेले,
उजवीकडे झुकले, डावीकडे झुकले.
फरशी अर्थातच डुलली नाही.
तरी माझ्या मागे कुणीतरी श्वास धरून बसलं होतं,
सात वर्षांचं.

थापट्या. तलवार बदक. हळदीकुंकू.
नावं मला गोणपाटावर कळली,
ओळीनं मांडलेली, माना एकाच बाजूला,
आई अंगणात पाणी तापवत असताना.
हळदीकुंकवाच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका होता,
मी थुंकी लावून पुसून पाहिला.
निघाला नाही.
बहात्तर साली कायदा आला.
बाबांनी दुनळी ठाण्यात जमा केली,
पावती विम्याच्या कागदांत ठेवली,
आणि त्यानंतर कधी, जेवतानासुद्धा,
बदक हा शब्द काढला नाही.
त्यांना वाईट वाटलं होतं की राग आला होता,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

किंमत घासून झाली. वल्हं वेगळं, जॅकेट वेगळं.
जॅकेट नारिंगीच मिळतं, नियम आहे.
अहो, मग शेवाळी होडी घेऊन उपयोग काय?
आत ही एवढी नारिंगी बाई!
डोमाजी बिल दुमडत होते.
"दिसू द्या ना बाप्पा," म्हणाले.
"आता लपवासारखं हाय काय आपल्यापाशी?"

टेम्पोत ती मावेना. शेपूट हातभर बाहेर,
त्याला लाल चिंधी बांधली.
दोरीवर डोमाजींचा विश्वास नव्हता.
"उडाली तं?" म्हणत ते स्वतःच आत जाऊन बसले,
वल्हं मांडीवर आडवं, धोतर नीट खोचून.

मेडिकल चौकात सिग्नल लागला.
मी मागे स्कूटरवर.
शाळेच्या बसची एक अख्खी बाजू खिडक्यांना चिकटली,
संत्रीवाल्यानं गाडा सोडला.
म्हातारा कुणाकडे बघेना,
एकटक समोर, बगळ्यासारखा.
दिवा हिरवा झाला, टेम्पोनं हिसका दिला,
आणि त्यांचा डावा हात काठावरून खाली गेला,
पाणी मागे सारायला.